कायदा आहे, तो भिंतीवर लिहा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मा. जिल्हाधिकारी, मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी, धुळे



२६ मे २०१८ रोजी डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारात मोठी गर्दी जमली होती. आयर्लंडच्या राज्यघटनेत १९८३ साली आठवी दुरुस्ती घातली गेली आणि गर्भपातावरची जवळजवळ संपूर्ण बंदी घटनेतच पक्की झाली. ती दुरुस्ती ठेवायची की काढायची, यावर आदल्या दिवशी सार्वमत झालं होतं. ६६.४ टक्के लोकांनी ‘काढा’ म्हणून मत दिलं. चाळीस मतदारसंघांपैकी फक्त डोनेगल विरोधात गेला. निकाल ऐकून लोक रडत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते आणि ‘सविता, सविता’ असा घोष करत होते.

सविता हलप्पनवार आपल्या बेळगावची. मराठी आणि कानडी दोन्ही भाषा ज्या गावात नांदतात, तिथल्या कानडी घरातली मुलगी. शिक्षणाने दंतवैद्य, लग्नानंतर नवऱ्यासोबत आयर्लंडला गेलेली. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात, पाठ दुखते म्हणून ती गॉलवेच्या मोठ्या रुग्णालयात गेली. गर्भ राहणार नाही हे डॉक्टरांना दिसत होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भपाताची विनंती केली. गर्भाचे ठोके लागत होते, म्हणून कायदा परवानगी देत नाही, असं उत्तर मिळालं. हा कॅथलिक देश आहे, अशा अर्थाचं आपण तिच्याशी बोललो, हे तिथल्या एका परिचारिकेने पुढे चौकशीत मान्य केलं. रक्तात जंतुसंसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबरला ती गेली. एकतीस वर्षांची होती. संसर्ग वेळेत ओळखला गेला नाही, उपचारात चुका झाल्या, हेही चौकशीत निघालं. म्हणजे कायदा वाट अडवून उभा होता आणि रुग्णालयाचं लक्षही कमी पडलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि माझ्यासारखीला दोन्ही ओळखीच्या वाटतात.

निकालानंतर सविताचे वडील अंदानप्पा यळगी यांनी बेळगावातून आयर्लंडच्या लोकांचे आभार मानले. मुलीला न्याय मिळाला, आता दुसऱ्या कुणाच्या घरावर ही वेळ येऊ नये, असं ते म्हणाले. नव्या कायद्याला तिचं नाव द्या, अशी विनंतीही त्यांनी केली. डब्लिनमध्ये एका भिंतीवर तिचं मोठं चित्र रंगवलं होतं. त्या चित्रावर लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. तुझ्यासाठी मत दिलं, आम्हाला उशीर झाला, माफ कर, अशा अर्थाच्या. ज्या लोकांनी तिला कधी पाहिलं नव्हतं ते भिंतीजवळ उभे राहून लिहीत होते. त्या वेळी आयर्लंडचे पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ते स्वतः डॉक्टर. आधी ते गर्भपाताच्या बाजूचे नव्हते. मत बदललं तेव्हा त्यांनी ते उघड सांगितलं आणि सार्वमत घेतलं.

मी निवृत्त आरोग्यसेविका आहे. शिंदखेडा आणि शिरपूर तालुक्यांतल्या उपकेंद्रांमध्ये माझी नोकरी गेली, आणि आता नरडाण्यात राहते. आयर्लंडचा निकाल वाचून मला आनंद झाला होता, आणि त्याच्या पाठोपाठ मनात जे आलं ते गेली काही वर्षं तसंच आहे. त्या लोकांना जे मत देऊन, पस्तीस वर्षं झगडून मिळवावं लागलं, ते आपल्याकडे १९७१ पासून कायद्यात आहे. आणि माझ्या भागातल्या बहुतेक बायांना ते ठाऊकच नाही.

आपला कायदा आला तो कुणाच्या मताने आला नाही. १९६४ मध्ये केंद्राने समिती नेमली. तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे आपल्याच महाराष्ट्राचे मंत्री. चोरून केलेल्या गर्भपातांत बाया मरतात, हे समितीने मांडलं, आणि ऑगस्ट १९७१ मध्ये संसदेने वैद्यकीय गर्भपात कायदा मंजूर केला. १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला. चांगलं काम झालं, जगातल्या कितीतरी देशांच्या आधी झालं. पण घराघरात त्यावर बोलणं झालं नाही. आयर्लंडने सार्वमताआधी नव्व्याण्णव साध्या नागरिकांची सभा बसवली. एका न्यायाधीश बाईंच्या अध्यक्षतेखाली त्या लोकांनी डॉक्टर ऐकले, वकील ऐकले, ज्यांच्यावर बेतलं त्या बाया ऐकल्या, दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं आणि मग शिफारस केली. त्यानंतर कार्यकर्ते दारोदार फिरले. बायांनी आपापल्या कहाण्या लिहिल्या, कुणी नाव सांगून, कुणी न सांगता. २०१६ मध्ये ३,२६५ आयरिश बायांनी इंग्लंड-वेल्समध्ये जाऊन गर्भपात करून घेतला होता. प्रत्येकीच्या मागे एक घर होतं, आणि त्या घरात पहिल्यांदाच हे बोललं गेलं. मत द्यायचं म्हणून बापाला लेकीशी बोलावं लागलं.

आपल्याकडे कायदा मंजूर झाला आणि पाठोपाठ आणीबाणीतल्या सक्तीच्या नसबंद्या आल्या. कुटुंब नियोजनाच्या गाडीचा आवाज आला की माणसं शेतात पळत. त्या भीतीखाली हा कायदा दबून गेला, तो अजून नीट वर आलेला नाही.

२४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या बायांचा गर्भपाताचा जवळजवळ पन्नास वर्षांचा हक्क काढून घेतला, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांनी अभिमानाने लिहिलं की भारत पुढे आहे. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही विवाहितेइतकाच हक्क आहे, असा निकाल दिला. तो अभिमान मलाही वाटला. पण तो निकाल दिल्लीहून मुंबईच्या वर्तमानपत्रांत आला आणि तिथेच थांबला. नरडाण्याच्या स्टेशनवर सुरतेच्या गाडीची वाट बघत बसलेल्या पोरीला तो कुणी सांगितला?

नरडाणा तुम्हाला महामार्गावरून दिसतो तो एमआयडीसीच्या शेडांमुळे. आत आलात तर दिसेल की इथलं निम्मं आयुष्य रुळांवर चालतं. तापी लाइनच्या गाड्या आमची माणसं सुरतेला नेतात. उधना, लिंबायत इथे आमच्या गावांचे मोहल्लेच आहेत. नवरा लूमवर, बायको इकडे सासू-सासऱ्यांजवळ, कापूस वेचायला, निंदणीला, नाहीतर कारखान्यात रोजाने. होळीला, आखाजीला नवरा येतो, आठ-पंधरा दिवस राहतो आणि जातो. दिवस गेलेत हे बाईला कळतं तेव्हा तो तिकडे नाइट शिफ्टला असतो.

एका बाईची गोष्ट सांगते. गाव सांगत नाही, दवाखान्याचं नावही सांगत नाही. पदरात दोन लेकरं, धाकटं आठ महिन्यांचं, अंगावर पिणारं. अंगावर पाजतं आहे तोवर दिवस राहत नाहीत, असं आमच्याकडे पक्कं मानतात. बाळंतपणानंतर पाळी परत आलीच नव्हती, त्यामुळे चुकली हे कळायला काही मार्गच नव्हता. पोट जाणवायला लागलं तेव्हा चौथा महिना उलटत आला होता. तिने कुणाच्या तरी हातून दुसऱ्या गावच्या मेडिकलमधून गोळ्या मागवल्या. पाकीट नव्हतं, कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या, छापील किमतीच्या कितीतरी पट पैसे देऊन. कशा घ्यायच्या, किती महिन्यांपर्यंत चालतात, हे सांगायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी सासू मला बोलवायला आली. दाराशीच हात धरून म्हणाली, ‘कोनले सांगू नका, ताई.’ आत गेले तर खाटेवर गोधडीखाली खताचं रिकामं पोतं अंथरलेलं, रक्त झिरपून जमिनीवर येऊ नये म्हणून. पोरगी पांढरी पडलेली. धाकटं तिच्या छातीशीच होतं. ते रडू नये म्हणून ती त्या अवस्थेतही त्याला पाजत होती.

गाडी करून तालुक्याच्या गावी नेलं. तिथे विचारलं, नवरा कुठे आहे? सही लागेल. सासू म्हणाली, माझा अंगठा घ्या. नाही, नवऱ्याची. सुरतेला फोन लावला, तो उचलेना, मशीनच्या आवाजात त्याला रिंग ऐकू जात नसावी. शेजारच्या खोलीतल्या पोराला फोन, त्याने लूमवर जाऊन त्याला बाहेर बोलावलं. तोवर किती वेळ गेला ते मला आता मिनिटांत सांगता येणार नाही. पुढे धुळ्याला रक्त चढलं आणि ती वाचली. बरी झाल्यावर तिने मला एकच विचारलं, हे सरकारी दवाखान्यात करून मिळतं का?

मंत्रिमहोदय, ही बाई अपवाद नाही. २०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये संशोधकांनी मांडला आहे. त्यातले सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झालेले. सरकारी आणि खाजगी मिळून दवाखान्यात झालेले जेमतेम २२ टक्के. वेळेत, योग्य प्रमाणात आणि माहितीसह घेतल्या तर या गोळ्या सुरक्षित आहेत. म्हणून तर २०२१ च्या नियमांनी नऊ आठवड्यांपर्यंत त्या देण्यासाठी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाची अट सोपी केली. अडचण गोळीत नाही. पुडी बांधून देणारा माणूस ‘किती महिने झाले’ विचारत नाही, आणि रक्त थांबलं नाही तर कुठे जायचं हे सांगत नाही, यात आहे.

कायदा काय म्हणतो ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, कारण हे पत्र गावात आणखी कुणी वाचलं तर त्यांना कळावं. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरे. बाईच्या जिवाला किंवा शरीराला, मनाला गंभीर धोका असेल, बाळात मोठं व्यंग असेल, बलात्कारातून दिवस गेले असतील, किंवा साधन वापरूनही दिवस राहिले असतील, तर कायदा गर्भपाताची मुभा देतो. २०२१ च्या दुरुस्तीने साधन फसलं ही सबब फक्त नवरा-बायकोपुरती ठेवलेली नाही. वीस ते चोवीस आठवड्यांत ठरावीक बायांना, म्हणजे बलात्कारपीडित, अल्पवयीन, दिव्यांग, गरोदरपणातच विधवा झालेली किंवा घटस्फोट झालेली अशांना, दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे. त्यापुढे बाळात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ, आणि त्याने तीन दिवसांत मत द्यायचं. जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर आठवड्यांची मर्यादाच नाही. सविताच्या वेळी आयर्लंडमध्ये हे वाक्य इतकं स्पष्ट असतं, तर डॉक्टरांना ठोके मोजत बसावं लागलं नसतं. बाई अठरा वर्षांवरची असेल तर तिची एकटीची संमती पुरे. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही नाही. नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

आता माझ्या भागातल्या बाया काय समजतात? नवऱ्याची सही लागते. लग्न झालेलं नसेल तर पोलीस येतात. सरकारी दवाखान्यात गेलं तर आधी तांबी नाहीतर ऑपरेशन कबूल करावं लागतं. एकदा खाली केलं की पुन्हा लेकरू होत नाही. आणि सगळ्यात पक्कं : गर्भपात हा गुन्हा आहे, दवाखान्यात तसं लिहिलेलं असतं. यातल्या काही समजुती बायांनी मनाने तयार केलेल्या नाहीत. सही मागितली जाते, तांबीची अट घातली जाते. हे कायद्यात नाही, तरी खिडकीवर आहे, आणि बाई खिडकीवरचाच कायदा शिकते.

‘गुन्हा आहे’ ही समजूत कुठून आली, त्यावर जरा थांबून लिहायला हवं. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, बीडमध्ये ८०७. हा आकडा वाचून मान खाली गेली नाही अशी आमच्यातली एकही सेविका नव्हती. पोटातल्या पोरींना शोधून मारणारे डॉक्टर होते, अजून असतील. २०१२ मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीला एका दवाखान्यात पोटातल्या पोरी शोधून पाडल्या जात असल्याचं जे उघड झालं, २०१७ मध्ये सांगलीच्या म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले गर्भ सापडले, ते कुणी विसरू नये. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ मध्ये, कायदा केला तो आपल्या राज्याने, आणि मला त्याचा अभिमान आहे. ‘मुलगी वाचवा’च्या फेऱ्यांत मी घसा कोरडा होईपर्यंत घोषणा दिल्या आहेत आणि आजही देईन.

पण परळीच्या प्रकरणानंतर काय झालं? गुन्हा सोनोग्राफीच्या खोलीत होता, आणि धाड मेडिकलच्या फळीवर पडली. गर्भपाताच्या गोळ्यांच्या एकेका पाकिटाचा हिशेब मागितला जाऊ लागला. कटकट नको म्हणून राज्यभरच्या केमिस्टांनी त्या ठेवायच्याच बंद केल्या. या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांत घ्यायच्या असतात, आणि नऊ आठवड्यांत सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळत नाही. म्हणजे पोरी वाचवायला ज्या गोळ्या आवळल्या, त्यांचा पोरी मारण्याशी फारसा संबंधच नव्हता. चिठ्ठीवर, हिशेबात मिळणारी गोळी नाहीशी झाली आणि पुडीतली गोळी राहिली. चांगले डॉक्टर हात आखडते घेऊ लागले. गर्भपात केंद्राची नोंदणी ठेवली तर सतत तपासणी, नको ती भानगड, असं मला किती जणांनी सांगितलं.

आमच्या रजिस्टरांवरही तीच सावली होती. बारा आठवड्यांच्या आत प्रत्येक गरोदर बाईची नोंद करायची, हे उत्तम आहे, त्याने बाळंतपणातले जीव वाचतात. पण नोंद झालेलं पोट मधेच गेलं की वरून विचारणा यायची. आधीच्या दोन मुली असल्या तर विचारण्याचा सूरच वेगळा. आशाताई मग त्या घरी जायची ती विचारपूस करायला नव्हे, तर जाब विचारायला. बायांनी ते बरोबर ओळखलं. मग ज्यांच्या मनात शंका होती त्या पोट तीन महिन्यांचं होईपर्यंत नोंदच करेनात. ज्या आठवड्यांत मदत सगळ्यात सोपी आणि सुरक्षित असते, नेमक्या त्याच आठवड्यांत बाई आमच्यापासून लपते.

आणि आमच्या बैठकांत लसीकरण किती झालं, संस्थेत बाळंतपणं किती झाली, नसबंदीचं उद्दिष्ट किती पूर्ण झालं, हे विचारलं जाई. किती जणींना गर्भपाताचा कायदा समजावला, हा प्रश्न माझ्या सगळ्या नोकरीत मला कुणी विचारला नाही.

आमच्या भागातल्या एका उपकेंद्राच्या बाहेरच्या भिंतीवर निळ्या रंगात लिहिलेलं आहे, ‘गर्भलिंग निदान करणे कायद्याने गुन्हा आहे’. शेजारी दोन वेण्या घातलेली, पाटी घेतलेली मुलगी. बाजूला लसीकरणाचं वेळापत्रक, १०८ क्रमांक, तांबीची जाहिरात. वर्षानुवर्षं बाया त्या भिंतीला टेकून बसतात, लेकरांना पाजतात, रांगेची वाट बघतात. वाचता येणाऱ्या पोरी आपल्या आयांना ती भिंत वाचून दाखवतात. गर्भपात कुठल्या परिस्थितीत कायदेशीर आहे, हे त्या भिंतीवर कुठेही नाही. ‘गर्भ’ आणि ‘गुन्हा’ हे दोन शब्द मात्र शेजारी-शेजारी आहेत. बाई त्यातून जो अर्थ काढते, तो काढल्याबद्दल तिला कसा दोष देणार?

अल्पवयीन मुलींबद्दल वेगळं लिहिते, कारण आमच्या जिल्ह्यात हा विषय बाजूला ठेवता येत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत धुळे जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे ४० टक्के बायांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. सोळा-सतरा वर्षांची पोरगी, पोटात बाळ, हाडं अजून वाढत असलेली. दवाखान्यात नेलं तर बाललैंगिक अत्याचारविरोधी पोक्सो कायद्याखाली केस होईल, नवरा आत जाईल, बाप आत जाईल, म्हणून घरचे तिला नेतच नाहीत. पुडीतल्या गोळ्या सगळ्यात जास्त या पोरींच्या हातात जातात. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या त्याच निकालात सांगितलं आहे की अशा प्रकरणात मुलीने आणि पालकाने विनंती केली, तर डॉक्टरांना पोलिसांना खबर देताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. बालविवाह थांबवायलाच हवेत, त्यावर माझं दुसरं मत नाही. पण ज्या पोरीचं लग्न तुम्ही-आम्ही थांबवू शकलो नाही, तिला रक्तस्रावाने मरू देऊन ते थांबणार आहे का? हा निकाल तालुक्यातल्या किती डॉक्टरांपर्यंत लेखी पोचवला, ते कृपया पाहा.

इथे एक जुनी आठवण देते, कारण ती आमच्याच रेल्वेच्या दुसऱ्या टोकाची आहे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, जन्मलेलं बाळ मारल्याबद्दल, आधी फाशीची शिक्षा झाली. ती नंतर कमी केली गेली. निकालावर वर्तमानपत्रांतून बायांच्याच चारित्र्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून विचारलं की या सगळ्यात पुरुष कुठे आहे. आणि त्याच्याही आधी, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात अशा बायांसाठी बाळंतपणाची जागा काढली. कुणी यावं, निर्धास्तपणे बाळंत व्हावं, नाव गुप्त राहील. तशी पत्रकं त्यांनी गावात लावली होती. दीडशे वर्षांपूर्वी त्या दोघांना समजलं होतं की नुसती सोय करून भागत नाही, सोय आहे हे भिंतीवर लावावं लागतं.

गर्भपात ज्यांच्या मनाला पटत नाही, अशी माणसं आमच्या गावात आहेत. वारकरी आहेत, मुसलमान आहेत, जैन आहेत, काही माझ्या जवळच्या मैत्रिणी आहेत. आयर्लंडमध्येही ३३.६ टक्के लोकांनी विरोधात मत दिलं, आणि ते सगळे काही दगडाच्या काळजाचे नव्हते. माझ्या मैत्रिणीने सहा लेकरं वाढवली आणि एकदाही तिच्या मनात तो विचार आला नाही. कायदा तिला काहीही करायला भाग पाडत नाही. मी तिला कधी वेगळं सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण खताच्या पोत्यावर पडलेली ती पोरगी जेव्हा मी तिला वर्णन करून सांगितली, तेव्हा तीच म्हणाली की हिला कुणी आधी का नाही सांगितलं.

माझं मागणं मोठं नाही. सार्वमत मागत नाही, नवा कायदा मागत नाही, निधीही फार लागणार नाही. सरकारी दवाखान्याला गर्भपातासाठी वेगळी मान्यता घ्यावी लागत नाही, कायद्याने तो मान्यच आहे. तिथे प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा आणि गोळ्या, व्हॅक्युमचं साहित्य शिल्लक असायला हवं. तालुक्याला एक तरी जागा अशी करा, जिथे आठवड्याचे सगळे दिवस ही सेवा मिळेल, डॉक्टरची बदली झाली म्हणून सहा महिने बंद पडणार नाही. नवऱ्याची सही मागायची नाही, तांबीची अट घालायची नाही, हे लेखी परिपत्रकाने सांगा आणि ते परिपत्रक आतल्या फायलीत न ठेवता नोंदणीच्या खिडकीवर चिकटवा. आशाताईंच्या मासिक बैठकीत या विषयाला अर्धा तास द्या. हिशेबात मिळणारी गोळी केमिस्टाच्या फळीवर परत येईल यासाठी अन्न व औषध प्रशासनाशी बोला. आणि गर्भलिंग तपासणीवरच्या धाडी आणखी कडक करा, त्याला माझा पाठिंबा आहे. फक्त धाड सोनोग्राफीच्या खोलीत पडू द्या.

आणि भिंत. जिथे जिथे ‘गर्भलिंग निदान गुन्हा आहे’ असं लिहिलेलं आहे, तिथे त्याच आकाराच्या अक्षरांत खाली हे लिहावं, अशी माझी विनंती आहे :

‘नको असलेले दिवस राहिले असतील तर घाबरू नका, लवकर या. कायद्याने ठरवलेल्या मुदतीत आणि कारणांसाठी गर्भपात कायदेशीर आहे. सरकारी दवाखान्यात मोफत. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरेशी, नवऱ्याची सही लागत नाही. नाव गुप्त राहील. मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेऊ नका. रक्तस्राव थांबत नसेल तर १०८ वर फोन करा.’

शब्द तुमच्या विधी अधिकाऱ्यांकडून तपासून घ्या, कमी-जास्त करा. मंजूर झालेला मजकूर आदिवासी पाड्यांसाठी पावरी आणि भिलीत, आणि आमच्यासाठी अहिराणीतही बोलून दाखवता येईल असा करून घ्या, ते काम करायला आमच्याकडच्या शिक्षिका तयार आहेत. रंगाचा आणि रंगाऱ्याचा खर्च तुमच्यावर नको. मी आणि माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या सेविका मिळून तो करू. पण सरकारी भिंतीवर आम्हाला आमच्या मनाने लिहिता येत नाही, त्यासाठी तुमचं परवानगीचं पत्र लागतं. दिवाळीच्या आधी उपकेंद्रांना चुना लागतो. पत्र तोवर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे आलं, तर त्याच रंगाऱ्याकडून मजकूर उतरवून घेता येईल.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
नरडाणा, ता. शिंदखेडा, जि. धुळे